होडीखालची झोळी

अंजना विहिरीवर चक्कर येऊन पडली, पण हातातली घागर तिनं सोडली नाही. बायांना त्याचंच कौतुक वाटलं. दोघींनी तिला धरून घरी आणलं, तिसरीनं घागर आणली आणि आतलं पाणी अर्धंअधिक शाबूत आहे हे मला वाकवून दाखवलं. मी यशीला कडेवर घेऊन दारात उभा होतो. यशी माझी नात. ती तेव्हा दोन वर्षांची होती आणि रडत होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलानं, इंद्रभाननं, बायकोला अनसिंगहून वाशिमला डॉक्टरकडे नेलं. यशीला धरायला कोणीतरी हवं म्हणून मीही गेलो. डॉक्टरनं अंजनाची खालची पापणी ओढून पाहिली, छातीला नळी लावली आणि विचारलं, "झोप किती होते?"

"झोपतो ना जी," अंजना म्हणाली. "यशी झोपली का मी बी झोपतो."

"आणि यशी कधी झोपते?"

डॉक्टरनं यशीकडे पाहिलं. यशीनंही त्याच्याकडे टक लावून पाहिलं. भर दुपारची वेळ होती, आमच्या सगळ्यांच्या पापण्या जड झाल्या होत्या, आणि तिचे डोळे मात्र ताज्या पाण्यासारखे होते.

"औषध देतो," डॉक्टर म्हणाला, "पण हिचं औषध झोप आहे. ती माझ्या बाटलीत नाही. ती नाही मिळाली तर ही पुन्हा पडेल, आणि दरवेळी विहिरीच्या बाहेरच पडेल असं नाही."

हे शेवटचं वाक्य घेऊन आम्ही घरी आलो.

यशी माझ्या बायकोच्या, भागिरथाच्या मांडीवर वाढली होती. भागिरथा कार्तिकात गेली. तिच्या हिरव्या लुगड्याची अंजनानं झोळी केली आणि घराच्या आडव्या सरीला, छताच्या तुळईला बांधली. त्या झोळीशिवाय यशीला झोप येत नसे, आणि झोळीतही झोका चालू असेपर्यंतच. दोरी ओढणारा हात थांबला की डोळा उघडायचा. दिवसा दोरी माझ्या हाती असायची. मी शाळेतून निवृत्त झालेला माणूस, मला दुसरं काम काय. पण सून झोपते त्या खोलीत रात्री सासऱ्यानं पाऊल टाकायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे रात्र अंजनाची. ती दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधून पडायची आणि झोपेत पाय हलवत राहायची. याला ती झोप म्हणत होती.

इंद्रभान वाशिमच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. शेवटच्या गाडीनं यायचा आणि जेवताना घास हातात धरून पेंगायचा. माझ्यासमोर तो बायकोशी थेट बोलत नसे. "पानी पाह्यजे होतं," असं तो भिंतीला सांगायचा आणि अंजना पाणी आणून द्यायची. मीही माझ्या वडिलांसमोर असाच होतो.

डेपोत हरेश्वर नावाचा कोकणातला एक ड्रायव्हर होता. त्यानं इंद्रभानला सांगितलं की बायकोला आमच्या गावी समुद्रावर ने, त्या हवेत मुडदासुद्धा झोपतो.

"मुडदा तं इथं बी झोपते," मी म्हणालो.

"मी पास काढून राह्यलो, बाबा," इंद्रभान म्हणाला. "घरच्या सगळ्याईले चालते. तुमी बी चला. यशीले कोन धरन?"

बहात्तरचा दुष्काळ होऊन तीन वर्षं झाली होती. आमच्या गावातून माणसं बाहेर जायची ती कामाला, लग्नाला, नाहीतर नागपूरला दीक्षाभूमीवर. हवा खायला कोणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. शेजारचा पंजाबराव रोज सकाळी मला विचारू लागला, "काहून मास्तर, अनसिंगातली हवा सरली का?"

समुद्र मी पाहिलेला नव्हता, शिकवलेला मात्र होता. चौथीच्या मुलांपुढे मी परातीत पाणी घ्यायचो, परात हळूच कलती करायचो आणि सांगायचो की चंद्र समुद्राचं पाणी असं आपल्याकडे ओढतो, मग किनाऱ्यावर भरती येते. सोडतो तेव्हा ओहोटी. मुलं विचारायची, मग आमच्या विहिरीचं कायले नाई ओढत? मी म्हणायचो, विहीर लहान आहे, तिला ओढून चंद्राला काय मिळणार. मुलं हसायची. मला तो धडा फार आवडायचा.

मे महिन्यात निघालो. गाडी रिठदला पोचली तोवर यशीचा प्रवास करून झाला होता. तिला घरी जायचं होतं. मेहकरपर्यंत ती रडली. जालन्यापुढे इंद्रभाननं बसच्या वरच्या दोन दांड्यांना झोळी बांधली. कंडक्टर आला, त्यानं झोळीत वाकून पाहिलं.

"हे कोन बसलं? सीट नंबर काय हिचा?"

"डेपोचं लेकरू हाय भाऊ," इंद्रभान म्हणाला. "चालू दे."

कंडक्टरनं चालू दिलं. पण बस थांबली की झोका थांबायचा, आणि ती गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. पुण्याच्या स्टँडवर आम्ही एक रात्र बाकांवर काढली. वरंध घाटात यशीनं अंजनाच्या अंगावर ओकून टाकलं. मग ओला पदर खिडकीबाहेर धरून अंजना बसून राहिली. श्रीवर्धनच्या पुढे त्या लहानशा गावात उतरलो तेव्हा आम्ही निघालो होतो त्याहून अर्धे राहिलो होतो.

हरेश्वरची आई भली बाई होती. तिनं आम्हाला पडवी दिली, भात आणि माशाचं कालवण दिलं. पण पडवीच्या वाशाला सुकी मासळी टांगलेली होती. तो वास यशीला ओळखीचा नव्हता. झोळी बांधली की ती आतून लाथा मारायची. मी बाहेर अंगणात झोपलो होतो, म्हणजे पडलो होतो. आत अंजना तिला घेऊन चालत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचा आणि परत यायचा.

सकाळी समुद्रावर गेलो. तो मी मुलांना सांगितला होता तसाच होता, फक्त आवाजाचं मी काही सांगितलं नव्हतं. यशीनं एकदा पाहिलं आणि अंजनाच्या मानेला मिठी मारली.

"आलं," ती म्हणाली. "पानी आलं."

तिनं आमच्याकडची नदी पाहिली होती. पैनगंगेचं पाणी एका बाजूनं येतं आणि दुसऱ्या बाजूला जातं, माणसाच्या अंगावर धावून येत नाही. हे पाणी तिच्याकडेच बघून येत होतं. ती पाठमोरी झाल्याशिवाय शांत होईना, आणि कडेवर ती अंजना जिकडे बघेल तिकडेच बघायची, म्हणून तिला समुद्र दिसू नये यासाठी अंजनालाच समुद्राकडे पाठ करावी लागली. तोंड फिरवून एकदाही बघता आलं नाही. नारळीच्या झाडांकडे पाहत ती उभी होती.

"अंजना, तू पाय तं ओले कर," मी म्हणालो. "आन तिले माझ्याकडं."

"येत नाई ना ती, मामाजी."

खरंच येत नव्हती. मी खाली बसलो आणि वाळूत झिरा खोदू लागलो. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की बाया पात्रातल्या वाळूत हातानं खड्डा करतात, त्यात पाणी झिरपतं, तोच झिरा. यशीनं तो भागिरथाबरोबर पाहिला होता. लहान मुलाला मोठी वस्तू दाखवायची असेल तर आधी तिचा लहान तुकडा हातात द्यावा. मी खोदत राहिलो, तिच्याकडे पाहिलं नाही. वितीएवढा खड्डा झाला, तळाशी पाणी जमलं. मी वाटी बुडवली.

"आबा, झिला," अंजनाच्या कडेवरून यशी म्हणाली.

"हो. तुया आजीचा झिरा."

ती उतरली. माझ्या शेजारी बसली. वाटीनं पाणी काढायचं, ओतायचं, पुन्हा काढायचं. चांगला वेळ गेला. अंजनाचे हात मोकळे झाले होते, पण तिला त्यांचं काय करावं ते समजत नव्हतं. मग यशीनं वाटी तोंडाला लावली. ते पाणी खारट होतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला फसवलं, आणि ओरडत परत आईच्या कडेवर गेली. पुढे सबंध दिवस ती "पानी आलं, पानी आलं" एवढंच म्हणत होती. शेवटी आम्ही तिकडं लक्ष देईनासे झालो.

पाच दिवसांची रजा प्रवासातच खपत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत निघायचं होतं. ती गाडी चुकली तर इंद्रभानची हजेरी चुकणार होती, आणि डेपोचा साहेब रजेच्या बाबतीत कोणाचा नव्हता. दुपारी जेवून आम्ही चौघं शेवटचं म्हणून किनाऱ्यावर आलो. आणि पाहतो तर समुद्र निघून गेला होता.

पाणी पार लांब, एका रेघेएवढं उरलं होतं. काल जिथं लाटा फुटत होत्या तिथं ओली, कडक वाळू उघडी पडली होती. त्या वाळूवर एक मोठी होडी, दोन्ही बाजूंनी टेकू लावलेली, एका अंगाला थोडी कलून उभी होती. तिची सावली चांगली लांबरुंद होती. किनाऱ्यावर दुसरी सावली होती ती वर सुरूच्या झाडांची, पण तिथं सुकायला टाकलेल्या मासळीचा वास होता.

"तठी बसू," इंद्रभान म्हणाला.

आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. पैनगंगेच्या काठावर होळी झाली की डोंगा असाच वाळूत पडतो. मग पाऊस येईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही, त्याच्या सावलीत गुराखी झोपतात, शेळ्या बसतात. वाळूत पडलेली नाव म्हणजे पाण्याचं यंदाचं काम संपलं, असंच आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. या होडीखाली शेळ्या नाहीत एवढंच माझ्या मनात आलं.

होडीच्या कडेवरून एक जाड वासा बाहेर आला होता. इंद्रभाननं त्याला झोळी बांधली. अंजनानं यशीला आत ठेवलं. वर मासळी नव्हती, वास नव्हता, समुद्रही लांब गेलेला. झोळीच्या हिरव्या कापडातून ऊन गाळून येत असावं. तिनं दोन लाथा मारल्या, मग एक, मग नाही. मी दोरी धरली.

"मामाजी, मले द्या," अंजना म्हणाली. ती होडीला टेकून बसली होती. "तुमी जरा..."

ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. मी वाट पाहिली. तिची मान कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता. माझ्यासमोर तिचा पदर कधी घसरलेला मी पाहिला नव्हता. मी नजर वळवली. इंद्रभान पलीकडे हात डोक्याखाली घेऊन आडवा झाला होता, तोही घोरू लागला.

मी दोरी ओढत राहिलो. माझेही डोळे मिटत होते, पण वर्गात दुपारच्या तासाला जागं राहायची सवय मला होती. यशी झोपली होती. अंजना झोपली होती. अंगठ्याला दोरी न बांधता झोपली होती. जालना, पुणे, तो घाट, ते सगळं याच्यासाठी होतं, आणि ते मिळालं होतं. आता गाडीच्या वेळेपर्यंत हात थांबू द्यायचा नाही, एवढंच माझं काम.

काही वेळानं समुद्राचा आवाज मोठा वाटला. मी पाहिलं. ती रेघ जवळ आली होती. मला वाटलं, उन्हात बघून बघून माझी नजर खराब झाली. मी शेजारच्या चार शिंपल्या उचलल्या आणि बसल्या जागेवरून एकेक करून पुढे वाळूत टाकल्या, ओळीनं, एक दूर, एक त्याहून जवळ. मुलांना अंतर शिकवताना मी असंच करायचो. मग दोरी ओढत शिंपल्यांवर लक्ष ठेवलं.

पहिली गेली. लाट मागे फिरली तरी ती दिसली नाही. मग दुसरीवर फेस आला.

तेव्हा मला परात आठवली. चंद्र ओढतो. इतकी वर्षं मी ते मुलांना सांगितलं, पण परातीतलं पाणी कधी माझ्या पायापर्यंत आलं नव्हतं. नदीचं पाणी वाढतं ते पावसानं, आणि आधी वर्दी देऊन. इथं आभाळ कोरडं होतं आणि पाणी चालत येत होतं.

मी काठीनं इंद्रभानच्या तळपायाला टोचलं.

"काय झालं?"

"हळू बोल. पानी येऊन राह्यलं."

त्यानं मान उचलली. "ते तं कालपासून येऊन राह्यलं, बाबा. येते अन् जाते."

"आता जात नाई. भरती हाय. आपन नदीतच बसलो हावो असं समज."

तो ताडकन उठून बसला. त्याला गाडी समजते, तिचं बिघडलेलं त्याला ऐकूनच कळतं, पण हे त्याला मी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. त्यानं अंजनाकडे हात केला आणि माझ्याकडे पाहून तो मागे घेतला.

"आवाज द्या तिले."

"आवाज दिला तं यशी उठते. यशी उठली का ही झोप गेली. आधी यशीले न्यायचं, न थांबवता."

"न थांबवता कसं?"

"ते तू पाह्य. मेकॅनिक तू हायस."

त्यानं होडीखाली पडलेलं एक लांब वल्हं ओढलं. ते झोळीच्या दोन्ही गाठींवरच्या फासातून आरपार घातलं. एक टोक माझ्या खांद्यावर दिलं, दुसरं स्वतःच्या. मग गाडीखाली जॅक लावून आधी भार उचलावा तसं आम्ही दोघांनी हळूहळू सरळ होत झोळी उचलून घेतली, आणि वरच्या वाशाची दोरी त्यानं एका हातानं सोडवली. झोका थांबला नाही. आता थांबू द्यायचा नव्हता.

"पाय बरोबर टाक," मी पुटपुटलो. "डावा. उजवा. डावा."

आयुष्यभर मी पोरांची कवायत घेतली, पण एवढी नीट कधी झाली नव्हती. वाळू चढणीची होती, खांद्याला वल्हं रुतत होतं आणि माझे गुडघे मला शिव्या देत होते. समोरून हरेश्वरची आई आणि तिच्याबरोबर आणखी बाया हात हलवत धावत येत होत्या.

"आवो पावनं, भरती लागली. होडी आता तरंगल ती..."

मी तोंडावर बोट ठेवलं. वर्गात ठेवायचो तसं. बाई एकदम गप्प झाली, मागच्या बायाही. त्यांनी झोळी पाहिली, मग खाली होडीजवळची अंजना पाहिली, आणि सगळ्यांनी तोंडाला पदर लावला.

सुरूच्या दोन झाडांच्या बेचक्यांत आम्ही वल्हं ठेवलं. मासळीचा वास होता, पण यशी आता त्याच्या पलीकडे गेली होती. मी दोरी धरली. इंद्रभान धापा टाकत उभा राहिला.

खाली पाणी होडीच्या पुढच्या टेकूला लागलं होतं. अंजनाचे पाय पसरलेले होते. पाणी आणि तिचे पाय यांच्यात एक माणूस आडवा पडेल एवढी वाळू राहिली होती.

"आता जाऊन उठवतो तिले," तो म्हणाला.

"उठवलं तं डॉक्टरपाशी कायले गेलो होतो आपन?"

"मंग?"

"उचलून आन."

त्यानं बायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डेपोत बसचं चाक एकट्यानं फिरवणारा माणूस, त्याचे कान लाल झाले. "तुमच्यासमोर?"

"मी कोठी पाहून राह्यलो? मले ही दोरी हाय." मी झाडांकडे तोंड करून बसलो आणि समुद्राकडे पाठ केली. "अन् पाऊल दाबून टाकजो."

त्यापुढचं मी पाहिलं नाही. फक्त ऐकलं. त्याच्या धावण्याचा आवाज वाळूत बुडत गेला. मग पाण्यात पावलं, छपछप. मग बराच वेळ काही नाही, नुसत्या लाटा, आणि माझा हात ओढतोय. एक तरुण बाई खुदकन हसली. हरेश्वरची आई तिला म्हणाली, "हसतंस काय गो? तुजा नवरा तुला उचलतो काय कवा?" आणि मग सगळ्याच हसल्या, पण तोंड दाबून. मग जड पावलं जवळ येऊ लागली, कोरड्या वाळूवर. माझ्या मागे कोणाला तरी अगदी हळू खाली ठेवल्याचं मला समजलं. पाणी गळत होतं, ते त्याच्याच कपड्यांतून.

मी विचारलं, "जागी झाली का?"

"थोडकीशी. डोळे नाई उघडले."

"काही बोलली?"

त्यानं ओला सदरा पिळला. "म्हने, घागर भरली का."

"मंग तू काय म्हनलं?"

"म्हनलं, भरली."

मी दोरी ओढली. बाया निघून गेल्या. हरेश्वरच्या आईनं जाता जाता आपल्या डोक्यावरचं फडकं अंजनाच्या पायांवर टाकलं असावं, कारण इंद्रभान तिला हळूच "राहू द्या जी" म्हणाला आणि तिनं ऐकलं नाही. थोड्या वेळानं कोळी आले, होडीचे टेकू काढले. मी मान वळवली तेव्हा होडी पाण्यावर होती. आम्ही जिथं बसलो होतो ती जागा कुठली हे दाखवता आलं नसतं.

ऊन कलू लागलं तसा इंद्रभान सारखा वर रस्त्याकडे पाहू लागला.

"गाडीची वेळ झाली, बाबा."

"हो."

"हे उठली पाह्यजे आता."

तो असं दोनदा म्हणाला, पण उठवायला सरकला नाही. अंजना कुशीवर वळली होती, एक हात वाळूत पसरलेला, मुठीत काहीच नाही. रस्त्यावर गाडी आल्याचा आवाज आला. झाडांआड ती दिसत नव्हती. इंद्रभाननं कान दिले.

"क्लच गेलेला हाय तिचा," तो म्हणाला. "ड्रायव्हर काहीच पाहत नाई."

गाडी थांबली. परवाची हजेरी चुकली तर साहेब काय बोलेल ते तो मला प्रवासभर सांगत आला होता. आता ते त्यानं सांगितलं नाही. घंटीचे दोन ठोके ऐकू आले. गाडीनं पहिला गिअर घेतला, कुरकुरत दुसरा घेतला, आणि आवाज उताराला लागून बारीक होत गेला. तो संपेपर्यंत इंद्रभान ऐकत राहिला. मग माझ्या हातातून त्यानं दोरी घेतली.

"द्या. तुमी पडा जरा."

सून झोपली होती त्या झाडाखाली मी पडणार नव्हतो. मी उठलो, चार झाडं पलीकडे गेलो आणि धोतराचा सोगा तोंडावर घेऊन आडवा झालो. खांदा ठणकत होता. समुद्राचा आवाज येत होता. पुढचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी निघालो, आणि आलो होतो तितकेच हाल होत परत आलो. साहेबानं इंद्रभानला बोलायचं ते बोलून घेतलं. त्या दिवसानंतर रात्रीची दोरी अर्धी रात्र तो ओढू लागला. मी काही सांगितलं नव्हतं. एकदा पाणी मागताना तो भिंतीला न सांगता सरळ "अंजना, पानी देजो," म्हणाला. ती दचकली, मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

घरी सरीला झोळी पुन्हा बांधली तेव्हा तिच्या घड्यांतून वाळू गळाली. यशीनं ती बोटानं गोळा केली. "पानी गेलं," ती म्हणाली.

बाया विहिरीवर अंजनाभोवती जमल्या. पंजाबरावची लिलाबाई सगळ्यात पुढं. "सांग ना वं, कसा हाय समुद्र? लय मोठा हाय का?"

अंजनानं दोर विहिरीत सोडला, घागर बुडाल्याचा आवाज येऊ दिला.

"मले नाई माहीत बाई," ती म्हणाली. "मी झोपली होती."